साठीतल्या मैत्रिणी आणि एसटीचे अर्धे तिकीट

राज्य परिवहन महामंडळाच्या सर्व प्रकारच्या बसगाड्यांमध्ये महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येईल, हा निर्णय १७ मार्च २०२३ पासून अमलात आला. त्या वेळची बहुतेक चर्चा नोकरीला जाणाऱ्या स्त्रिया, कॉलेजच्या मुली आणि महामंडळाचा तोटा यांभोवतीच फिरत राहिली. साठी ओलांडलेल्या, कुठेही वेळेवर पोहोचण्याचे बंधन न उरलेल्या बायकांचा विचार त्यात फारसा कोणी केला नाही. आम्ही पाच वर्गमैत्रिणी पुण्यात स्थायिक आहोत आणि तेव्हापासून ही सेवा हौसेने वापरत आहोत. हे परीक्षण मुख्यतः आमच्याच वयाच्या वाचकांसाठी लिहिले आहे.

आधी नियम सांगते, कारण त्यांत साठीतल्या बाईची जागा जरा चमत्कारिक होती. एसटीत ज्येष्ठ नागरिकांची निम्म्या भाड्याची सवलत पासष्टाव्या वर्षी सुरू होते आणि पंचाहत्तरी पार केलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून पूर्ण मोफत प्रवास आहे. म्हणजे निवृत्त झालेली, पगार थांबलेली, पण अजून पासष्टीला न पोहोचलेली बाई पूर्ण भाडे भरत होती. रेल्वे पूर्वी याबाबतीत उदार होती. तिथे स्त्रियांना अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पन्नास टक्के सवलत मिळत असे. ती मार्च २०२० मध्ये बंद झाली आणि करोनाची साथ ओसरल्यावरही परत आली नाही. आमच्यातली एक तर ज्या वर्षी अठ्ठावन्न पूर्ण करून या सवलतीला पात्र झाली, त्याच वर्षी सवलतच बंद झाली. एसटीच्या महिला सन्मान योजनेने, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या निम्म्या भाड्याच्या निर्णयाने, ही मधली फट बुजवली, आणि त्यासाठी वयाचा दाखला काढून दाखवण्याचीही गरज ठेवली नाही. वाहक एकदा पाहतो, मशीनवर बोटे फिरवतो आणि पाच अर्धी तिकिटे एका लांबट चिठ्ठीवर छापून हातात देतो.

या सवलतीचे मोल केवळ वाचलेल्या रुपयांत मोजणे मला अपुरे वाटते. आम्हा पाच जणींची मिळकत सारखी नाही. एकीला बँकेचे निवृत्तिवेतन आहे, एक शिक्षिका होती, आणि एक नवऱ्याच्या माघारी तुटपुंज्या कुटुंब-निवृत्तिवेतनावर घर चालवते. पूर्वी सहलीचा विषय निघाला की तिचा गुडघा हमखास दुखायला लागे. तो गुडघा खरोखरच दुखतो हे आम्हाला माहीत होते, तसेच दर वेळी तो नेमका खर्चाच्या आकड्यानंतरच दुखतो हेही माहीत होते. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या मैत्रीतही पैशांचे बोलणे अवघड असते, आणि "तुझं मी भरते" हे वाक्य प्रेमाने म्हटले तरी ऐकणारीला बोचते. भाडे निम्मे झाल्यावर तो गुडघा बस निघेपर्यंत तरी शांत राहू लागला. स्वारगेटला आता तीच सर्वांत आधी येऊन फलाटावर उभी असते आणि तिकिटांचे पैसेही पुष्कळदा तीच देते, मग उरलेल्या आम्ही आमचा वाटा तिला देतो.

दुसरा फायदा मुलांच्या संदर्भातला आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आमची मुले चांगली आहेत, "आई, गाडी करून देतो" असे सगळीच म्हणतात. पण मुलाने करून दिलेल्या गाडीत त्याच्या फोनवर आपला नकाशा दिसत असतो, चालक त्याला विचारून थांबतो आणि परतायची वेळ त्याने ठरवलेली असते. तरुणपणी आम्ही एसटीने गेलो त्या माहेरी, नाहीतर लग्नाकार्याला. तिकिटे वडिलांनी किंवा नवऱ्याने काढली, आमच्या मांडीवर मूल आणि पायाशी पिशव्या. आता आपण ठरवलेल्या गावाला, आपल्या पैशाने, रिकाम्या मांडीने जायचे, ही गोष्ट साठीत पहिल्यांदा घडते आहे, हे सांगताना मला थोडा संकोच वाटतो, पण ते खरे आहे.

उदाहरण म्हणून वाईचा प्रवास घेऊ. स्वारगेटहून शिरवळ, खंडाळा, मग खंबाटकी घाट आणि सुरूर फाट्याला वळून वाई, असा हा रस्ता एका दिवसात जाऊन येण्याजोगा आहे. वाईत कृष्णेच्या घाटावरचा ढोल्या गणपती सर्वांना ठाऊक असतो. आमच्या शिक्षिका मैत्रिणीचा आग्रह मात्र मराठी विश्वकोशाचे कार्यालय ज्या गावात आहे तो परिसर पाहण्याचा होता, कारण तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ साली निघालेला पहिला खंड तिने नोकरीच्या सुरुवातीला शाळेच्या ग्रंथालयात हाताळला होता. तिथून तीनेक किलोमीटरवर मेणवली आहे. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागचा नदीकडे उतरणारा घाट आणि वसईच्या १७३९ मधील विजयानंतर आणलेल्या घंटांपैकी एक मोठी घंटा तिथे आहे. घाटाच्या पायऱ्या आमच्या वयाला जपून उतराव्या लागतात, आणि पाऊस पडून गेला असेल तर उतरूच नयेत.

पण खरे बोलणे घाटावर झाले नाही, ते बसमध्ये झाले. घरी भिशीला जमलो की यजमानीण स्वयंपाकघरात अडकलेली असते, सून ऐकण्याच्या टप्प्यात असते आणि समोरासमोर बसल्यामुळे चेहरा सांभाळावा लागतो. बसमध्ये शेजारी बसून समोरच्या रस्त्याकडे पाहत बोलता येते. जिचा मुलगा जर्मनीत आहे आणि जी दर हिवाळ्यात नातवंडांना सांभाळायला जाते, तिने "यंदा मी जाणार नाही, आणि कारणही सांगणार नाही" हे खंडाळ्याच्या आसपास, खिडकीबाहेर बघत सांगितले. दुसरीची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. या वयात भाड्याच्या घरी बिऱ्हाड हलवायचे आणि नवी इमारत उभी राहील तेव्हा आपण किती वर्षांच्या असू याचा हिशेब ती बोटांवर करत होती. पतीच्या माघारी एकटी राहणारी म्हणाली, "अगं, रात्री दहाला जेवले तरी विचारणारं कोणी नाही. आणि ते मला आवडायला लागलंय, याचीच भीती वाटते." त्यावर कोणी सांत्वन केले नाही. मागच्या आसनावरून तिच्या हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा आला.

गाड्यांच्या प्रकाराबद्दल माझे मत सर्वांना पटेलच असे नाही. वातानुकूलित शिवशाहीत पाठीला आराम असतो, पण बंद काचांमुळे आत इतकी शांतता असते की पुढच्या तीन रांगांना आपली सासुरवाडी ऐकू जाते. लालपरीचा खडखडाट गप्पांवर पांघरुणासारखा पडतो, म्हणून दोन-तीन तासांच्या प्रवासाला मी साधी गाडीच निवडते. तिची पहिली पायरी मात्र गुडघेदुखीच्या माणसासाठी फार उंच आहे. सवलतीमुळे बायका मोठ्या संख्येने बसमध्ये आल्या असताना, आणि त्यांतल्या कितीतरी साठीच्या पुढच्या असताना, दाराजवळ नीट पकडता येईल असा दांडा आणि एखादी जास्तीची पायरी हा विचार भाड्याइतकाच आवश्यक आहे. आसने दोन-दोनची असतील तर पाच जणींत एक अनोळखी माणसाशेजारी जाते. तो मान आम्ही पाळीपाळीने घेतो.

स्वच्छतागृह हा या वयाच्या प्रवासातला सर्वांत मोठा प्रश्न आहे, आणि तो बसचा नसून वाटेचा आहे. महामार्गावरच्या एका हॉटेलात आम्हाला आधी काहीतरी मागवा, मग किल्ली देऊ, असे गल्ल्यावरच्या माणसाने सांगितले. आम्ही पाच चहा मागवले आणि ते टेबलावर येण्याआधीच किल्ली घेऊन गेलो. बसने निघण्यापूर्वी पाणी कमी पिण्याची जी सवय बायकांना लागलेली असते, ती साठीत अंगाशी येते, हे डॉक्टरांनी आमच्यातल्या दोघींना वेगवेगळ्या वेळी बजावले आहे. त्यामुळे मधला थांबा कुठे आहे हे वाहकाला बसतानाच विचारून ठेवावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

२५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढले, त्याबरोबर आमचे निम्मेही वाढले. तरीही ते परवडण्याच्या आत आहे. सवलतीची भरपाई राज्य सरकार महामंडळाला करते, म्हणजे हा पैसा करदात्यांचा आहे, आणि ज्यांना तो खटकतो त्यांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. निवृत्तिवेतन असलेल्या बँकवाल्या मैत्रिणीला अर्धे तिकीट कशाला, हा प्रश्न तिनेच प्रथम विचारला होता. पण ती पूर्ण तिकीट काढून बसली असती तर दुसरीला पुन्हा गुडघा आठवला असता.

ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांनी शनिवार, रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळाव्यात, कारण गर्दीत उभ्याने जाण्याइतके आपले पाय आता आपले राहिलेले नाहीत. लांबच्या गाडीचे आरक्षण आधी करावे; सुट्ट्या पैशांची चिंता करू नये, वाहकाकडे आता फोनवरून पैसे देता येतात. राज्याच्या हद्दीपलीकडे ही सवलत चालत नाही, तेव्हा पणजी किंवा बेळगावला जाताना पुढचे भाडे पूर्ण पडेल. आणि यजमानांना बरोबर न्यायचे असेल व ते पासष्टीच्या आत असतील, तर त्यांचे तिकीट पूर्ण काढावे लागते, हेही निघण्यापूर्वी घरी स्पष्ट सांगून ठेवावे.