१९६८ची कॅमारो कन्व्हर्टिबल ड्रॅग स्ट्रिपवर: सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ड्रॅग स्ट्रिप म्हणजे सरळ पट्टीवर पाव मैलाची शर्यत लावायचा ट्रॅक. तिथला एप्रिल ते ऑक्टोबर, अमेरिकेतला एक पूर्ण हंगाम संपल्यावरचा हा हिशेब. गाडी १९६८ची शेव्हरोले कॅमारो, कापडी टपाची. ३८३ घन इंचांचं स्मॉल ब्लॉक इंजिन, टर्बो-हायड्रामॅटिक ३५० गिअरबॉक्स, मागे ३.७३ गिअरचा बारा बोल्टी ॲक्सल आणि २५५/६० आर १५ मापाचे ड्रॅग रेडियल टायर. पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, १२.१ सेकंदांत जातं आणि शेवटाला ताशी १११ मैल वेग मिळतो. हार्डटॉपमध्ये, म्हणजे पक्क्या छपराच्या गाडीत, हा आकडा फार मोठा नाही. कापडी टपाच्या गाडीत तो रोज, न कुरकुरता मिळवायचा असेल, तर इंजिनाला हात लावण्याआधी पैसे सांगाड्यावर घालावे लागतात.

छप्पर ही हार्डटॉपची वरची तुळई असते. ती काढली की सगळा पीळ तळावर आणि दारांखालच्या सिलवर येतो. त्यात या पिढीच्या कॅमारोचा पुढचा सबफ्रेम (इंजिन आणि पुढची चाकं धरणारी चौकट) वेगळा, रबरी माउंटवर बोल्टने बसवलेला. कारखान्याने कन्व्हर्टिबलला आतून जास्त मजबूत सिल दिलं आणि चार कोपऱ्यांत प्रत्येकी साधारण २५ पौंडांचे डबे टांगले. डब्यात तेल आणि स्प्रिंगवर लोंबकळणारं वजन. गाडी थरथरली की ते उलट्या बाजूला हलतं आणि थरथर मारतं. मेकॅनिक मंडळी त्यांना कॉकटेल शेकर म्हणतात. पहिल्याच दिवशी चारही डबे काढून १०० पौंड वाचवायचा मोह होतो, पण तसं करू नका. सांगाडा कडक झाल्यावर फक्त पुढचे दोन काढा. मागचे दोन राहू द्या, कारण ते वजन नेमकं जिथे हवं तिथे, मागच्या चाकांवर आहे.

सांगाडा किती पिळतो हे पाहायची सोपी तपासणी अशी. दार बंद ठेवून मागच्या कडेच्या वरच्या कोपऱ्यातली फट ड्रिल बिटच्या दांड्याने मोजा. मग सबफ्रेमच्या एकाच पुढच्या कोपऱ्याखाली जॅक लावून ते चाक उचला आणि पुन्हा मोजा. कामाआधी ५ मिलिमीटरचा बिट सहज सरकत होता, चाक उचलल्यावर जेमतेम ३चा गेला आणि दार उघडताना कुलपापाशी घासलं. सबफ्रेम कनेक्टर (पुढचा सबफ्रेम मागच्या सांगाड्याला जोडणारे पोलादी दुवे) वेल्ड करून रबराऐवजी ॲल्युमिनियमचे माउंट घातल्यावर तोच ५चा बिट दोन्ही वेळा गेला, दुसऱ्यांदा थोडा घट्ट, इतकंच. ही दोन कामं एकत्रच करायची. कनेक्टर वेल्ड करून माउंट रबराचेच ठेवले, तर रबर हलत राहतं आणि वेल्डच्या कडेला तडा जातो.

वेल्डिंगच्या वेळी गाडी स्वतःच्या चाकांवर किंवा ॲक्सलखालच्या स्टँडवर उभी हवी. सिलखाली हात घालणाऱ्या लिफ्टवर दोन्ही टोकं खाली झुकतात आणि त्या अवस्थेत वेल्ड केलं की वाकडेपणा कायमचा बसतो. नंतर बिजागऱ्या कितीही हलवल्या तरी दारं जुळत नाहीत. दोन्ही दारं बंद, फटी मोजलेल्या, आणि एका जागी दोन इंचांपेक्षा जास्त सलग वेल्ड नाही. डावी-उजवी आलटून पालटून.

आता नियम. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमांनुसार बंद गाडीला रोल बार (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारी नळीची चौकट) ११.४९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळेला लागतो, कन्व्हर्टिबलला मात्र १३.४९ पासूनच. म्हणजे या गाडीला पहिल्या दिवसापासून. नळी पावणेदोन इंच व्यासाची, साध्या पोलादाची असेल तर ०.११८ इंच जाडीची, क्रोमोली या मिश्र पोलादाला ०.०८३ चालते. हूप, म्हणजे बारची मुख्य कमान, हेल्मेटच्या किमान ३ इंच वर हवा, आणि कापडी टपाच्या गाडीत अडचण नेमकी इथेच येते. तितका उंच हूप टपाच्या कमानीला लागतो. नळी वाकवायच्या आधी चालकाला हेल्मेट घालून, टप बंद करून सीटवर बसवा आणि मापं घ्या. बहुतेक वेळा हूप नाही, सीट खाली घ्यावी लागते. मागच्या तिरक्या नळ्या टपाच्या खोबणीतून जातात, त्यामुळे टप पूर्ण दुमडत नाही. हे आधीच मान्य करून टाका. आणि रस्त्यावरही गाडी चालवणार असाल तर डोक्याजवळच्या नळीला एसएफआय या सुरक्षा-मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ४५.१ दर्जाचं कडक पॅडिंग हवंच. हेल्मेट नसलेलं डोकं उघड्या पोलादी नळीपाशी असणं हा स्ट्रिपपेक्षा मोठा धोका आहे. मऊ फोम दिसायला बरा, पण कामाचा नाही.

इंजिन साधं आहे: ३५० घन इंचांचा ब्लॉक ०.०३० इंच बोअर केलेला, ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक. जुळणीत दोन जागी लोक चुकतात. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सिलिंडरच्या खालच्या कडेला आणि कॅमशाफ्टला घासतात. क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून प्रत्येक रॉडला किमान ०.०६० इंच मोकळीक आहे ना ते तपासा, नसेल तर ग्राइंडरने कड उतरवा. दोन फेरे यासाठी की कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. दुसरी चूक बॅलन्सची. काही ३८३ क्रँक बाहेरून बॅलन्स केलेले असतात, त्यांना ४०० घन इंचांच्या इंजिनाचा डॅम्पर (क्रँकच्या पुढच्या टोकाचं चाक) आणि फ्लेक्सप्लेट (मागच्या टोकाची तबकडी) लागते. ३५०ची लावली तर थरथर सुरू होते आणि थोड्याच दिवसांत मेन बेअरिंग खराब होतात.

एक मिसफायर (सिलिंडर नीट न पेटण्याचा दोष) मात्र महिनाभर पुरला. ४,५०० आरपीएमच्या वर फडफड, खाली सगळं ठीक. कार्ब्युरेटर दोनदा उघडून झाला, जेट बदलले, फ्लोट बदलला, काही फरक नाही. दोष होता प्लगच्या वायरींचा. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-८-४-३-६-५-७-२. ५ आणि ७ हे शेजारी आणि लागोपाठ पेटणारे. त्यांच्या वायरी हेडरजवळ (एक्झॉस्टच्या नळ्यांजवळ) एकाच क्लिपमध्ये समांतर बांधल्या होत्या आणि ५ची ठिणगी ७च्या वायरीत उतरत होती. क्लिप काढून ५ची वायर वरून आणि ७ची खालून नेली, मध्ये दोन इंच अंतर ठेवलं. त्या दिवसापासून एकदाही फडफड नाही. इग्निशनचं टायमिंग एकूण ३४ अंशांवर, ३,००० आरपीएमला पूर्ण.

७५० सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट हवा) डबल पंपर कार्ब्युरेटरला सुटतानाच्या झटक्यात मागच्या बाऊलमधलं (कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतलं) पेट्रोल मागे चढतं आणि त्याच बाऊलच्या पुढच्या बाजूचे जेट कोरडे पडतात. ६० फुटांपाशी इंजिन क्षणभर अडखळतं ते यामुळे. मागच्या जेटना लांब नळ्या आणि त्यांना जागा देणारा खाचेचा फ्लोट बसवला की प्रश्न मिटतो. काम अर्ध्या तासाचं, खर्च किरकोळ.

मागचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, हा सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग. १९६८मध्ये शेव्हरोलेने शॉक ॲब्सॉर्बर एक ॲक्सलच्या पुढे, एक मागे असे बसवले, त्यामुळे १९६७पेक्षा चाकांच्या उड्या कमी झाल्या, पण सिंगल पाटा तरीही पिळतोच. मल्टी-लीफ पाटे आणि ट्रॅक्शन बार (पाट्याला पिळू न देणाऱ्या दांड्या) घालाच. बारच्या टोकाचं रबर पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या (टोकाच्या कड्याच्या) बरोब्बर खाली टेकायला हवं. ते एक-दोन इंच मागे टेकलं तर बार पाट्यालाच वाकवतो. सुटताना शाफ्टच्या पिळामुळे उजवं मागचं चाक हलकं होतं, म्हणून रबर आणि पाट्यामधली उजवीकडची फट डावीपेक्षा कमी ठेवा: डावीकडे अर्धा इंच, उजवीकडे पाव. पिनियन (शाफ्टला जोडलेला ॲक्सलचा गिअर) २ ते ३ अंश खाली झुकलेला, कारण जोर लागताच त्याचं नाक वर उचललं जातं. एवढ्याने पहिल्या ६० फुटांचा वेळ १.८५ वरून १.७० वर आला आणि पूर्ण पल्ल्यात पाव सेकंद वाचला. इंजिनातून तेवढा वेळ काढायला बराच जास्त खर्च आला असता.

टायरमध्ये १६ पीएसआय हवा, गरम असताना मोजलेली. टायर ओले करायच्या पाण्याच्या जागेत थेट घुसू नका; वळसा घालून पुढे जा आणि मागे घेत फक्त कडेवर टेका, नाहीतर पुढच्या टायरच्या खाचांतून पाणी स्टार्ट लाइनपर्यंत येतं. बर्नआउट (टायर जागीच फिरवून तापवणं) छोटा, धूर दिसला की बस.

४.१० गिअर घ्यायचा विचार असेल तर आधी गणित करा: वेग गुणिले गिअर गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत. ३.७३ला १११ मैलांवर सुमारे ५,१५० आरपीएम येतात, टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलाचा दुवा) ५ टक्के घसर धरली तर ५,४००. ४.१०ला ते ५,९०० पार जातात, आणि ५,८००ला जोर संपणाऱ्या कॅमला ते नकोच. ३,२०० आरपीएम स्टॉलचा कन्व्हर्टर या वजनाला योग्य आहे, पण गिअरबॉक्सचा कूलर वेगळा हवा. रांगेत अर्धा तास उभं राहिल्यावर तेल किती तापलंय ते पाहूनच स्टेज करा, म्हणजे स्टार्ट लाइनवर गाडी लावा.

बॅटरी डिकीत हलवली तर मागच्या बाजूला बाहेरून बंद करता येणारा स्विच सक्तीचा आहे, आणि तो दाबल्यावर चालू इंजिनही बंद पडलं पाहिजे. अल्टरनेटरची चार्जिंग वायर स्विचच्या चुकीच्या टोकाला जोडली असेल तर बॅटरी तुटूनही इंजिन चालूच राहतं आणि तपासणीत गाडी परत पाठवली जाते. ती वायर थेट बॅटरीकडच्या टोकाला न्या.

शेवटची एक गोष्ट अजून पूर्ण सुटलेली नाही. या इंजिनाचा तेलाचा खोलगट भाग मागे असतो, त्यामुळे सुटताना तेल पंपाकडेच येतं. फिनिश लाइननंतर जोरात ब्रेक लावला की मात्र ते पुढे धावतं आणि दाब ५५ वरून १५ पीएसआयपर्यंत पडताना दिसतो. फ्लॅप असलेला सात क्वार्टचा पॅन घातल्यावर तो ३० वर थांबतो. प्रश्न पूर्ण सुटेपर्यंत फिनिश ओलांडली की न्यूट्रल करायचं नाही, ॲक्सिलरेटर हळू सोडायचा आणि ब्रेक पुढच्या लांब पट्टीत टप्प्याटप्प्याने दाबायचा.