ओपनएसिप: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आम्ही पंपांच्या मोटारींची कंपने तपासणारी उपकरणे बनवतो. बेअरिंग बिघडू लागल्याची पहिली खूण बहुधा कंपनांतच उमटते आणि ती टिपण्यासाठी एफपीजीएवर (आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपवर) 64 गुणकांचा डिजिटल फिल्टर अखंड चालवावा लागतो. सगळे गणित व्हीएचडीएल या हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या भाषेत लिहिले, तर फिल्टरमधल्या किरकोळ बदलासाठीही हार्डवेअर पुन्हा उघडावे लागते; म्हणून ठरावीक कामापुरता प्रोसेसर घडवणारी ओपनएसिप ही मुक्तस्रोत साधने आम्ही वापरायला घेतली. फिनलंडच्या टाम्पेरे विद्यापीठात विकसित झालेली ही साधने पूर्वी टीसीई या नावाने ओळखली जात.

यातल्या प्रोसेसरची मूळ रचना वेगळी आहे. प्रोग्रॅम फक्त कोणता आकडा कोठून कोठे न्यायचा एवढेच सांगतो आणि आकडा बेरजेच्या युनिटच्या ट्रिगर पोर्टवर पोहोचला की बेरीज आपोआप सुरू होते. असा प्रोग्रॅम हाताने लिहिणे फार जिकिरीचे आहे, पण ते काम एलएलव्हीएम या मुक्तस्रोत कंपायलर-संचावर आधारलेला कंपायलर (सी प्रोग्रॅमचे प्रोसेसरच्या सूचनांत रूपांतर करणारे साधन) करतो, आणि माझ्या मते या साधनांचे खरे मोल इथेच आहे: प्रोडी या प्रोसेसरची रचना आखण्याच्या संपादकात बस (आकडे वाहून नेणारा मार्ग), रजिस्टर फाइल (आकडे तात्पुरते ठेवायची जागा) किंवा एखादे युनिट बदलले, तरी कंपायलर नव्या रचनेप्रमाणे स्वतःला जुळवून घेतो.

आमच्या फिल्टरचे उदाहरण पाहा. गुणाकार आणि बेरीज एकत्र करणारी खास क्रिया जोडूनही सिम्युलेटरमधल्या सायकली (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) अपेक्षेइतक्या उतरेनात. एकेका सायकलीत कोणती बस काय वाहते हे पडताळले, तेव्हा गुणाकाराचे युनिट आकड्यांची वाट पाहत रिकामे बसलेले दिसले. प्रत्येक पायरीला नमुना आणि गुणक असे दोन आकडे लागतात, पण मेमरीतून वाचणारे युनिट एकच होते. गुणकांसाठी दुसरे युनिट आणि स्वतंत्र अ‍ॅड्रेस स्पेस (मेमरीचा वेगळा भाग) दिली, सी प्रोग्रॅममध्ये त्या अ‍ॅरेच्या घोषणेत तेवढी नोंद केली, आणि अडथळा सुटला. व्हीएचडीएलची एकही ओळ लिहिण्याआधी हे कळले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

मर्यादाही स्पष्ट आहेत. प्रत्येक बस आपल्या वाट्याचे बिट प्रोसेसरच्या प्रत्येक सूचनेत (इन्स्ट्रक्शनमध्ये) वाढवते. एका बसला 20 बिट धरले, तर सहा बसांची सूचना 120 बिटांची होते आणि छोट्या एफपीजीएची ब्लॉक रॅम, म्हणजे चिपमधलीच मेमरी, पाहता पाहता भरते. त्यामुळे न लागणाऱ्या जोडण्या प्रोडीत निवडून काढणे हे रोजचे काम होऊन बसते. खास क्रियेचे वर्तन सिम्युलेटरसाठी सी++ मध्ये सांगितले तरी तिचे व्हीएचडीएल आपणच लिहून तपासावे लागते. सुधारित एलएलव्हीएमसह सगळे बांधायला बराच वेळ आणि भरपूर मेमरी लागते, ते वेगळेच.

सिनॉप्सिसच्या एसिप डिझायनरसारख्या व्यावसायिक साधनांचा परवाना आमच्यासारख्या लहान उद्योगाने घेणे मला व्यवहार्य वाटत नाही. ज्यांचे काम एका ठरावीक गणिताभोवती फिरते आणि ज्यांच्याकडे व्हीएचडीएल जाणणारा किमान एक माणूस आहे, त्यांनी ओपनएसिप जरूर वापरावे. मात्र इंटरप्टवर (चालू काम मध्येच थांबवणाऱ्या संकेतावर) चालणारी कामे या प्रोसेसरवर टाकू नयेत. आम्ही बटणे आणि मॉडबस (उपकरणांमधल्या संवादाची पद्धत) यांसाठी शेजारी एक साधा मायक्रोकंट्रोलर ठेवला आहे, आणि फिल्टरच्या प्रोसेसरला फिल्टरशिवाय दुसरे काम दिलेले नाही.