हॉबिटनची फेरी: विमानाच्या तिकिटाबरोबरच वेळही ठरवा

न्यूझीलंडमधील माटामाटा गावाजवळ, मेंढ्यांच्या विस्तीर्ण कुरणात उभा असलेला हॉबिटनचा, म्हणजे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांतल्या बुटक्या हॉबिट लोकांच्या गावाचा, चित्रपट-सेट मार्गदर्शकासोबत, आरक्षित केलेल्या वेळेलाच पाहता येतो, ही महत्त्वाची गोष्ट पुण्यातल्या आमच्या सहल आयोजकाने आम्हाला सांगितलीच नाही. निघायला आठ दिवस उरले असताना आम्ही स्वतः चौकशी केली, तेव्हा दुपारची एक वेळ कशीबशी मिळाली. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिकडचा उन्हाळा, म्हणजे गर्दीचा काळ; त्यामुळे हे काम आधीच उरकावे. ऑकलंडहून मोटारीने साधारण दोन तास लागतात.

फेरी मात्र मनापासून आवडली. टेकडीच्या पोटातली गोल, रंगीत दारे मुद्दाम लहानमोठ्या मापांची केली आहेत, जेणेकरून त्यांच्यासमोरचे पात्र हवे तसे उंच किंवा बुटके दिसावे. बागेतला भाजीपाला खरा आहे. माथ्यावरचा ओकवृक्ष मात्र कृत्रिम आहे, आणि त्याची पाने कितीतरी वेळ न्याहाळूनही आईला ते पटेना. डिसेंबर 2023 पासून बॅगशॉट रो या सेटवरच्या गल्लीतील घरांच्या आतही जाता येते. वाट चढउताराची असल्याने गुडघेदुखी असलेल्यांनी चांगले बूट घालावेत. शेवटी सेटवरच्या ग्रीन ड्रॅगन या पबमध्ये मिळणारे पेय तिकिटातच धरलेले असते.