प्रवासासाठी अँटी-थेफ्ट स्लिंग बॅग: लोकल, स्लीपर कोच आणि काशीच्या गर्दीत वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगते, बॅग मस्त आहे आणि प्रवासाला पर्स शोधणाऱ्या कुणालाही मी हाच प्रकार घ्या म्हणेन. फक्त दुकानात ज्या गोष्टी दाखवून ती विकतात ना, त्यापेक्षा वेगळ्याच दोन-तीन गोष्टी कामाला येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

दादरला रानडे रोडवरच्या एका बॅगांच्या दुकानातून घेतली. ब्रँड काही मोठा नाही. २,३०० सांगितले होते, १,९०० ला दिली. साधारण २४ सेंटिमीटर रुंद, १९ उंच आणि ८ जाड, रिकामी असताना ४०० ग्रॅमच्या आत, जाड नायलॉनची, क्रॉस घालायची. मोबाईल, छोटी पॉवर बँक, चष्म्याची डबी, औषधं, पाकीट, रुमाल, एक छोटी पाण्याची बाटली एवढं आरामात बसतं. पॉवर बँक विमानात चेक-इनच्या बॅगेत टाकता येत नाही, ती जवळच ठेवावी लागते, त्यामुळे हे बसणं महत्त्वाचं.

दुकानात पहिल्यांदा काय दाखवतात तर पट्ट्यातली स्टीलची वायर. पॅकसेफ, ट्रॅव्हलॉन अशा परदेशी ब्रँडमध्ये पट्ट्यात वायर आणि कापडात जाळी असते, त्याचंच बघून आता इथल्या बॅगांमध्येही घालतात. वायर असलेली चांगलीच, ब्लेडने पट्टा एका झटक्यात कापला जात नाही. पण आमच्या लोकलच्या ग्रुपमध्ये ज्यांचे ज्यांचे मोबाईल, पाकिटं गेलीत त्यांच्यापैकी कुणाचाही पट्टा कापलेला नव्हता, चेन उघडून काढलेलं होतं आणि ते पण दादरच्या ब्रिजवर नाहीतर गाडीत चढतानाच्या रेटारेटीत, जेव्हा आपलं सगळं लक्ष पाय कुठे ठेवायचा याच्यावर असतं. म्हणून मी या बॅगेत सगळ्यात आधी चेन बघितली.

चेनचं जरा नीट समजून घ्या. बहुतेक बॅगांना नायलॉनच्या गुंडाळीची चेन असते, आणि ही चेन बंद असताना तिच्या मधोमध बॉलपेनचं टोक जोरात खुपसलं की ती फाकते. मग पुन्हा रनर फिरवला की होती तशी बंद. म्हणजे दोन रनर एकत्र करून छोटं कुलूप लावलं म्हणून निर्धास्त राहायचं कारण नाही, रनरच फिरता असेल तर पेनने उघडलेली चेन परत लागलेली दिसणार आणि आपल्याला कळणार सुद्धा नाही. या बॅगेत रनर लावून झाल्यावर तो बाजूच्या कडीत अडकवायचा असतो, कडी दाबून जरा फिरवली तरच सुटते. वरून दोन बोटं रुंद कापडाची पट्टी आहे, त्यामुळे चेन दिसतही नाही. आपल्यालाच सवय व्हायला वेळ लागतो, सुरुवातीला तिकीट दाखवायला मोबाईल काढायचा तर टीसी ताटकळत उभा! पण हात सरावला की न बघता उघडते. आणि हाच तर मुद्दा आहे, उघडायला दोन सेकंद जास्त लागली आणि ओढ जाणवली की आपण खाली बघतोच.

पाठीमागे, म्हणजे पोटाला लागून, एक सपाट कप्पा आहे. ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. कार्ड, जास्तीच्या नोटा, आधार सगळं तिथे. तो कप्पा उघडायला माझ्या अंगावरून बॅग उचलावीच लागते. आमची आजी पैसे कनवटीला लावायची, त्याच्यामागेही विचार हाच होता की नाही?

आरएफआयडीवाला कप्पा पण आहे, म्हणजे आतलं टॅपचं कार्ड बाहेरून कुणाला मशीनने वाचता येऊ नये म्हणून केलेला. त्याच्यासाठी कुणी चारशे-पाचशे जास्त मागत असेल तर देऊ नका हे माझं प्रामाणिक मत. टॅप करायचं कार्ड मशीनच्या अगदी जवळ, काही सेंटिमीटरवर न्यावं लागतं तेव्हा चालतं. आपल्याकडे २०२१ पासून पिन न टाकता ५,००० रुपयांपर्यंत व्यवहार होतो हे खरं आहे आणि त्याची धाकधूक वाटत असेल तर बँकेच्या ॲपमध्ये जाऊन टॅप बंद करा किंवा लिमिट कमी करा, फुकटात काम होतं.

आता आराम. याबाबतीत बायका फार सहन करतात, बॅग दिसायला छान म्हणून घेतात आणि दिवसभर खांदा चोळत बसतात. माझ्या आईला मानेचा त्रास आहे आणि काशीला जाताना ही बॅग तिनेच वापरली, तर तिला विचारून लिहितेय. पट्टा दीड इंच रुंद आहे, चांगला जाड विणीचा, मानेजवळ टोचत नाही. बारीक साखळीचा किंवा गोल दोरीसारखा पट्टा प्रवासाला अजिबात नको, अर्धा किलो वजन असलं तरी खांद्यावर वळ उठतो. लेदरची बॅग रिकामीच जड, वर पावसाळ्यात बुरशी. रेक्झिनचे वर्ष-दीड वर्षात पापुद्रे निघायला लागतात. नायलॉनला काही नाही, कल्याणच्या पुढे पावसात भिजली, पंख्याखाली रात्रभर टांगली, सकाळी तयार.

पट्ट्याची लांबी बघाच. बॅग कमरेच्या हाडाच्या जरा वर, पोटाच्या बाजूला आली पाहिजे. मांडीवर आपटत राहिली की चालताना वैताग येतो आणि तेवढी खाली लोंबणारी बॅग गर्दीत कुणाच्या हाताखाली आहे ते आपल्याला दिसत नाही. आई साडी नेसते, तर तिने पट्टा पदराच्या आतून घेतला, बॅग पदराखाली. बाहेरून घेतला की पट्टा खांद्यावरच्या पिनेला घासतो, पदर चुरगळतो, आणि पिनेपाशी साडी फाटायची भीती. आतून घेतला की पदर मोकळा, बॅग झाकलेली, आणि गर्दीत एक हात आपोआप तिच्यावर राहतो.

काशी विश्वनाथाला मोबाईल आणि बॅगा बाहेर लॉकरमध्ये ठेवून आत जावं लागतं. म्हणजे कितीही भारी बॅग असली तरी ऐन दर्शनाच्या वेळी ती तुमच्याजवळ नसणार. या बॅगेत आत हुकाला लावलेला एक छोटा पाऊच आहे, तो निघतो. पैसे आणि कार्ड त्यात घालून आईने तो कमरेला खोचला. मला हा पाऊच घेताना फालतू वाटला होता, पण तिथे सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. तुमच्या बॅगेत नसेल तर कापडी बटवा शिवून घ्या.

कोकण रेल्वेच्या स्लीपरला रात्री झोपताना काय करायचं, हा प्रश्न मला मैत्रिणी नेहमी विचारतात. मोठी बॅग लोअर बर्थखालच्या कडीला साखळीने बांधायची, ते सगळ्यांना माहिती असतं. पर्स मात्र उशाला पण खिडकीजवळ ठेवायची नाही, सिग्नलला गाडी हळू झाली की बाहेरून हात येतो. मी पट्टा अंगातच ठेवते, थोडा आखडून घेते आणि बॅग पोट आणि भिंत यांच्या मध्ये घेऊन कुशीवर झोपते. ८ सेंटिमीटर जाडी इथे बरोब्बर, याहून जाड असती तर झोप लागली नसती. काही गेलंच तर १३९ ला फोन करा, गाडी सुटली म्हणून गप्प बसू नका.

तक्रारी पण आहेत. आतलं अस्तर काळं कुळकुळीत आहे, संध्याकाळच्या लोकलमध्ये चावी शोधायची म्हणजे सगळी बॅग चाचपायची, फिकट पिवळं किंवा राखाडी अस्तर घालायला किती खर्च आला असता? बाजूचा बाटलीचा जाळीचा कप्पा दोन महिन्यांत सैल पडला. आणि पट्ट्याचं बकल वजन वाढलं की हळूहळू सरकतं, सकाळी कमरेवर असलेली बॅग दुपारी खाली. त्यावर स्टेशनबाहेर जे चेन बदलून देणारे काका बसतात त्यांनी माझी उंची बघून बकलच्या खाली दोन टाके घातले, ४० रुपये घेतले, आता जागचं हलत नाही. त्यांनीच सांगितलं की रनर महिन्यातून एकदा मेणबत्तीने घासायचा, घट्ट होत नाही. खरंच होत नाही.

रोज टिफिन आणि छत्री नेणाऱ्यांना ही पुरणार नाही, त्यांनी याच पद्धतीची मोठी बघा. दहा इंची टॅब पण मावत नाही. रंग शक्यतो काळा किंवा गडद निळा घ्या, फिक्या रंगावर लोकलच्या दांड्याचे डाग बसतात ते जात नाहीत.

आणि दुकानात जाताना तुम्ही प्रवासात जे नेता ते सगळं पिशवीत घालून घेऊन जा. तिथेच बॅगेत भरा, अंगात घाला, दुकानातल्या दुकानात चार फेऱ्या मारा आणि एका हाताने चेन कडीत अडकवून बघा. त्यासाठी बॅग खाली ठेवावी लागत असेल तर दुसरी दाखवायला सांगा.