घरघंटी सगळे ऋतू वापरल्यावर: भाकरीवाल्यांनी घ्या, पोळीवाल्यांनी जरा थांबा

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही घरघंटी घेतली, आता गणपती होऊन गेले. म्हणजे चकलीची भाजणी, उन्हाळ्यातली वाळवणं, पावसाळ्यातलं सादळलेलं धान्य, मोदकाची पिठी, सगळं तिच्या पोटातून निघालंय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण एक हॉर्सपॉवरची मोटर, वर धान्य टाकायचा हॉपर, मधल्या पेटीत फिरणारी पोलादी पाती, भोवती जाळी आणि खाली पिठाचा डबा, ही रचना बहुतेक घरगुती गिरण्यांत सारखीच असते. फरक असतो तो बाहेरच्या लॅमिनेटच्या नक्षीत आणि विकल्यानंतर फोन उचलण्यात.

आधी पैशांचं, कारण दुकानात सर्वांत जास्त थापा तिथेच मारतात. "दोन वर्षांत पैसे वसूल, ताई" असं मलाही सांगितलं होतं. आमच्या कोपऱ्यावरची गिरणी किलोला 8 रुपये घेते. घरात महिन्याला पंधरा किलो दळण म्हटलं तर 120 रुपये, वर्षाचे 1,440. यंत्र पडलं 18,000 ला. वीज फुकट धरली तरी साडेबारा वर्षं लागतील. वीज मात्र खरंच फार खात नाही. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट, तासभर सलग चालली तर युनिटभर जळतं आणि तेवढ्यात सात-आठ किलो गहू होतात. तेव्हा बिलाला घाबरू नका, पण बचतीसाठी घेताय असं स्वतःला समजावूही नका.

मग घ्यायची कशाला? आमच्या घरी उत्तर एकच, ज्वारी.

सासूबाई सोलापूरकडच्या. भाकरीच्या बाबतीत त्यांच्याशी तडजोड नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यांच्या लेखी ते आधीपासूनच होतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे त्याचा चिकटपणा, जाते, हे भाकरी थापणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. थापताना कडा फाटतात, परातीतून उचलली की मधून तुटते, मग उकळतं पाणी घालून पीठ मळायचं आणि कशीबशी वेळ मारून न्यायची. ज्वारीत गव्हासारखं पीठ धरून ठेवणारं ग्लुटेन नाही, सगळी मदार पिठाच्या ताजेपणावर आणि मळण्यावर. गिरणीत दोन किलोच्या आत दळण न्यायला संकोच वाटतो, म्हणून पाच किलो आणायचं आणि शेवटचे दोन किलो रडतखडत संपवायचे, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

आता आठवड्याला किलो-दीड किलो दळते. पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी पिठाची चिमूट दोन बोटांत चोळून पाहिली, साध्या कोमट पाण्यात गोळा मळला, तळहाताच्या टाचेने रगडला आणि थापायला घेतला. भाकरी परातभर पसरली तरी कडेला एक चीर नाही. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली आणि विस्तवावर टम्म फुगली. "विरी आहे गं पिठाला," एवढंच म्हणाल्या. सासूबाईंच्या तोंडून याहून मोठं प्रशस्तिपत्रक निघत नाही.

बाजरीला तर याहून जास्त फायदा. बाजरीत शंभर ग्रॅममागे पाचेक ग्रॅम स्निग्धांश असतो, ज्वारीत दोनाच्याही आत. दळल्यावर तो हवेला उघडा पडतो आणि पीठ लवकर कडवट, खवट होतं. थंडीत आता तीन-चार दिवसांपुरतीच बाजरी दळतो, आणि मुलं ती भाकरी न कुरकुरता खातात.

गव्हाचं मात्र माझं मत दुकानदारांना आवडणार नाही. पोळी गिरणीच्याच पिठाची चांगली होते. गिरणीत गहू दोन दगडांमध्ये चेपून रगडला जातो. त्या दाबाने आणि उष्णतेने स्टार्चचे कण दुखावतात आणि असं पीठ पाणी जास्त पितं, म्हणून कणीक सैल मळता येते आणि पोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहते. घरघंटीत दगड नाहीत, पाती दाण्याला झोडपून फोडतात. पीठ बारीक दिसतं, पण हाताला किंचित रवाळ लागतं आणि कोंडा वेगळा जाणवतो. कणीक अर्धा तास झाकून ठेवली, तेलाचा हात जरा सढळ ठेवला की फुलके उत्तम होतात. घडीच्या पोळीला मात्र ती मजा नाही. डब्यात दुपारपर्यंत कडा वातड होतात. आम्ही गहू अजूनही गिरणीतच देतो. हजारो रुपयांचं यंत्र घरात असून पिशवी घेऊन खाली जाताना शेजारणी हसतात, हसोत.

बाकीच्या दळणांत जाळ्या बदलण्याची खरी गंमत आहे. आमच्या यंत्रात जाळीचा आकडा वाढेल तशी ती जाड, म्हणजे भोकं मोठी. लाडवाला रवाळ बेसन हवं असतं, ते एक जाळी बदलली की मिळतं. सर्वांत जाड जाळीवर लापशीचा रवा आणि ज्वारीच्या कण्या निघतात. या कण्या विकत कुठे धड मिळत नाहीत, आणि ताकात शिजवल्या की रात्रीचं जेवण त्यातच होतं. मोदकासाठी तांदूळ धुऊन, सावलीत कापडावर खडखडीत वाळवून सर्वांत बारीक जाळीवर दळले. उकड गुळगुळीत झाली. उपवासाच्या भाजणीला गिरणीवाल्याचा ठरलेला वार गाठावा लागायचा, ती कटकट संपली. आणि ज्या घरात कोणाला गहू पूर्ण वर्ज्य आहे, डॉक्टरांनी तसं सांगितलंय, त्यांनी पैशांचा हिशोब न करता घ्यावी. फक्त मग तिच्यात गहू कधीच दळायचा नाही, कारण पेटीच्या कोपऱ्यांत मागच्या दळणाचं मूठभर पीठ उरतंच.

त्या उरलेल्या पिठाचीच पावसाळ्यात पंचाईत होते. चार दिवस तसंच राहिलं की कुबट वास आणि मग पोरकिडे. दर दळणानंतर झाकण उघडून जाळी काढायची, ब्रशने पातींच्या मागून, रबराच्या कडेखालून पीठ झाडायचं. पाच-सात मिनिटांचं काम, पण टाळून चालत नाही. सादळलेलं धान्य टाकलं तर जाळी बुजते, मोटर घुमायला लागते आणि संरक्षक बटण पडून यंत्र बंद. जुलै-ऑगस्टमध्ये ज्वारी कढईत नुसती कोमट होईल इतपत परतायची, पूर्ण गार करायची आणि मग दळायची. भाजणीचंही तेच, आत जरा जरी ऊब राहिली तरी वाफ धरते. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं यांच्या तर वाटेलाच जाऊ नका, तेल सुटून जाळीचा लगदा होतो. पीठही दळल्या दळल्या डब्यात भरून झाकण लावायचं नाही. परातीत पसरून निवू द्यायचं, नाहीतर गुठळ्या आणि पुढे जाळं.

आवाज आहे, आणि तो मिक्सरसारखा दोन मिनिटांत संपत नाही. हरभऱ्याची डाळ टाकली की पहिली काही मिनिटं खडे दळल्यासारखं वाटतं. आम्ही दुपारी दळत नाही, खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. पिठाच्या डब्याला बांधायच्या कापडी पिशवीचा नाडा जरा सैल राहिला की ओट्यापासून खिडकीच्या गजांपर्यंत पिठाची बारीक धूळ बसते. पंधरा अँपिअरचा प्लग लागतो, तो जिथे असेल तिथेच यंत्राची जागा, हे फ्लॅटवाल्यांनी आधी मापून घ्यावं. आमच्याकडे ती फ्रीजशेजारी बसली आणि कांद्या-बटाट्याची टोपली गॅलरीत गेली.

सेवेबद्दल: मधे जाळीचा काठ उसवला. विक्रेत्याने "माणूस पाठवतो" म्हणत तीन आठवडे घालवले, शेवटी जाळी स्वतः जाऊन आणली. म्हणून जादा जाळ्यांचा पूर्ण संच खरेदीच्याच दिवशी, बिलात लिहून घ्या.

आणि डेमोला ते हमखास गहू टाकतात, पीठ हातावर घेऊन "बघा किती बारीक" म्हणतात. तुम्ही जाताना घरची किलोभर निवडलेली ज्वारी घेऊन जा. तीच दळायला लावा, पीठ घरी आणून दोन भाकरी थापा. पैसे दुसऱ्या दिवशी दिले तरी दुकान कुठे पळत नाही.