करंज बायोडिझेल: खरीप-रब्बी वापरून पाहिल्यानंतर

विहिरीवर एका सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन आणि शेतीला जुनाच ट्रॅक्टर. इंजिनात निखळ करंज बायोडिझेल आणि ट्रॅक्टरला डिझेलमध्ये त्याचं २० टक्के मिश्रण, असं खरीप-रब्बी दोन्ही हंगाम चालवलं.

आधी एक गोष्ट ठामपणे सांगतो. घाण्यावरचं करंजतेल म्हणजे बायोडिझेल नव्हे. कच्चं तेल डिझेलपेक्षा कैक पट दाट असतं; नोझलमधून नीट फवारलं जात नाही, कार्बन साचतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. तेलावर मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया होऊन ग्लिसरीन खाली बसतं, तेव्हा वर राहतं ते बायोडिझेल. त्यात करंजतेलाची आम्लता जास्त, म्हणून त्याआधी आम्लाची वेगळी पायरी करावी लागते. ती टाळली की साबण होतो.

चालायला इंधन खरंच छान आहे. लोड आल्यावर सुटणारा काळा धूर डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला, ठोकाही मऊ झाला. वंगणपणा चांगला असल्याने फ्युएल पंपाला सुख. ऊर्जा मात्र डिझेलपेक्षा साधारण १० टक्के कमी, त्यामुळे निखळ वापरात इंजिन जास्त पितं. मिश्रणात ट्रॅक्टरची ओढ कमी झाल्याचं मला जाणवलं नाही.

खरं लक्ष लागतं ते फिल्टरला. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ बायोडिझेल सोडवतं आणि फिल्टरमध्ये आणून भरतं. पहिला फिल्टर काढला तर कागदाच्या घड्यांमध्ये काळा, चिकट लगदा! टाकी धुतली, पुढचा फिल्टरही लवकर बदलला, मग त्रास थांबला. साध्या रबरी नळ्या यात फुगून मऊ पडतात. व्हायटॉनच्या (इंधनाला टिकणाऱ्या खास रबराच्या) बसवून घ्या. थंडीच्या पहाटे निखळ बायोडिझेल दाट होतं, तेव्हा मी डिझेल वाढवत होतो.

माल तपासल्याशिवाय घेऊ नका, ही कळकळीची विनंती. बाटलीत निम्मं बायोडिझेल, निम्मं पाणी घालून जोरात हलवा. चांगला माल अर्ध्या तासात वर स्वच्छ वेगळा होतो. एका पुरवठादाराचा माल बराच वेळ ताकासारखा पांढराच राहिला. तो परत पाठवला. आयएस १५६०७ या बायोडिझेलच्या भारतीय मानकाप्रमाणे केलेला चाचणी अहवाल मागा.

साठा मोठा करू नका. हवा आणि ओलावा लागून ते खराब होतं, म्हणून पिंप काठोकाठ भरून सावलीत ठेवा. वॉरंटीतलं नवं इंजिन असेल तर किती टक्के मिश्रण चालतं ते पुस्तिकेत पाहूनच भरा.