तांबट आळीच्या आसपास भाड्याने राहायचं: वाड्यातली खोली की नव्या इमारतीतला वन आरके?

पुण्याच्या कसबा पेठेत राहायचं हे ज्यांचं पक्कं झालं आहे, त्यांच्यासाठीच हे लिहितोय. मंडई चालत गाठता येते, २९ सप्टेंबर २०२४ ला भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाल्यापासून पेठेला स्वतःचं स्थानक आहे, आणि गाडी लावायला जागा नाही, हे तुम्हाला ठाऊक असणारच. गणपतीचे दहा दिवस दोन्हीकडे सारखेच जातात. भाडं वाड्यात कमी, लिफ्ट आणि टाकीचं पाणी इमारतीत. इथपर्यंत वाद नाही. खरी निवड ठरते ती आवाजावर, आणि नेमकी तीच गोष्ट एजंट नीट दाखवत नाही.

तांबट आळी म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांची गल्ली, आणि तिथला आवाज एकसारखा नसतो. तांब्याचा पत्रा ठोकला की कडक होतो, म्हणून तो भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करावा लागतो. ठोकायचं, तापवायचं, परत ठोकायचं असा फेरा चालतो. आकार देतानाचे ठोके बसके असतात, त्यांचा त्रास फारसा नाही. जोडकाम, आम्लात धुणं आणि चकाकी झाल्यावर शेवटी येतो मठार. लोखंडी दांड्यावर भांडं फिरवत हातोडीने शेजारी शेजारी एकसारखे ठसे उठवायचे, बुडापासून काठापर्यंत. दिसायला छान, शिवाय पातळ पत्र्याला त्यानेच ताठरपणा येतो, त्यामुळे तो टाळता येत नाही. एका हंड्यावर असे हजारो ठोके पडतात आणि प्रत्येक ठोका टणटणीत. दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी काम वाढतं. संध्याकाळी मात्र थांबतं.

हा टणत्कार सरळ रेषेत जातो आणि कठीण पृष्ठभागावरून उलटतो. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना गुळगुळीत सिमेंटच्या चार मजली भिंती, म्हणजे आवाजाला सुटायला वाट फक्त वर. म्हणून नव्या इमारतीत दुसरा-तिसरा मजला घेतला की शांतता मिळेल हा हिशोब बहुधा फसतो. त्यात खिडक्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या. दोन पल्ल्यांच्या मध्ये नुसता ब्रश असतो, रबर नसतं. ‘बंद’ खिडकीतूनही आवाज निम्म्याहून जास्त आत येतो, असं आपला माझा कान सांगतो. पडद्याने काही होत नाही. भिंतीवर चिकटवायचे फोमचे चौकोन खोलीतला घुमारा कमी करतात, बाहेरचा आवाज अडवत नाहीत. खरा उपाय म्हणजे रबर लावलेली, बिजागरीवर उघडणारी खिडकी आणि लॅमिनेटेड काच. पण भाड्याच्या घरात तो खर्च कोण करणार?

त्याहून वाईट प्रकार म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरच कारखाना असणं. मग आवाज हवेतून येतो तेवढाच नाही, काँक्रीटच्या खांबांतूनही चढतो. तिसऱ्या मजल्यावर उशाच्या भिंतीला कान लावला तरी टकटक कळते. खिडकी बदलून याला काही फरक पडत नाही. घरून काम करणाऱ्यांनी तर हे आधीच तपासावं: पंख्यासारखी एकसुरी घरघर नॉइज-कॅन्सलिंग हेडफोन बऱ्यापैकी गिळतात, तुटक ठोके त्यांना तितके झेपत नाहीत. समोरचा माणूस मीटिंगमध्ये तीनदा विचारतो, “काही काम चाललंय का घरात?”

वाड्यात गणित वेगळं. रस्त्याकडची माडी तितकीच वाजते, तिच्या मोहात पडू नये. पण दिंडी दरवाजातून आत गेलं की मधल्या चौकाच्या पलीकडची, मागच्या अंगाची खोली बघा. मध्ये दीड-दोन फुटी विटा-मातीच्या एक-दोन भिंती येतात, वर लाकडी कडीपाट, त्यावर मातीचा थर. मऊ, जड, आवाज पिणारं सगळं. ठोके ऐकू येतातच, नाही असं नाही, पण दूरच्या गल्लीतून आल्यासारखे. नव्या इमारतीची बाहेरची भिंत सहा इंची, आतली चार इंची. तिच्याकडून ही अपेक्षाच करता येत नाही. भट्टीचा धूर आणि आम्लाचा वासही चौकापर्यंत क्वचितच पोचतो.

माझा कौल कुठे झुकतोय ते एव्हाना कळलं असेल. तरीही वाडा डोळे झाकून घेण्यासारखी गोष्ट नाही, आणि जिथे फसगत होते ती जागा म्हणजे मोरी. जुना वाडा माणसांच्या वजनाने सहसा पडत नाही, पाण्याने पडतो. वरच्या मजल्यावर नंतर काढलेली मोरी किंवा संडास गळत असेल, तर पाणी तुळईच्या भिंतीत शिरलेल्या टोकाशी मुरतं आणि लाकूड आतून पोखरतं. वरून रंग अगदी ताजा दिसतो. म्हणून खोली बघताना आधी खालच्या मजल्यावर जाऊन मोरीच्या बरोबर खालचं छत बघा. काळपट डाग, पांढरी बुरशी, खाली आलेली फळी दिसली तर पुढे बोलणी नकोत. एक स्क्रू-ड्रायव्हर जवळ ठेवा: तुळईच्या टोकाला आणि खांबाच्या बुडाशी, जिथे तो दगडी तळखड्यावर बसतो, तिथे हलकेच टोचा. चांगलं सागवान दाद देत नाही. टोक पाव इंच आत गेलं तर समजून घ्या. वाळवीच्या मातीच्या नळ्या, मध्येच फुगलेली भिंत, भिंत आणि जमीन यांच्यातली फट हीही लक्षणंच. महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते; अशी नोटीस आली आहे का हे मालकाला विचारा आणि शेजाऱ्यालाही विचारा. दोन उत्तरं जुळली पाहिजेत.

लाकडी जमिनीवर सामान कुठे ठेवायचं यालाही रीत आहे. दोनशे लिटरचं भरलेलं पिंप म्हणजे दोनशे किलोंहून जास्त वजन, तेही चार टाचांएवढ्या जागेवर. ते खोलीच्या मध्यभागी कधीच नको, भिंतीलगत ठेवा. फ्रिज आणि पुस्तकांचं कपाटही तसंच. वॉशिंग मशीन वर चढवूच नका. तिच्या हादऱ्याने कडीपाटातली माती खालच्यांच्या ताटात पडते आणि दुसऱ्या दिवसापासून संबंध बिघडतात. तुमच्या डोक्यावरही कोणी राहत असेल तर कापडाचा चांदवा बांधा, लॅपटॉप वाचतो. खोली खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात, मोजून सांगितली तरी टेप घेऊन जा आणि जिन्याची रुंदी आधी मोजा. भिंतीतल्या जिन्यातून साधा एकदारी फ्रिजही अडतो, पलंग सुटा करावा लागतो, आणि भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोंच्या आसपास असतो.

वीज हा वाड्याचा दुसरा कच्चा दुवा. लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग बल्ब-पंख्यासाठी केलेलं असतं. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी नऊ ॲम्पिअरच्या आसपास ओढते, तीन हजार वॅटचा गीझर तेरा. पोर्सेलीनच्या फ्यूजमध्ये कोणीतरी जाड तार घालून ठेवलेली असते, म्हणजे फ्यूज उडत नाही, वायर तापते. स्वयंपाक आणि गीझरसाठी मीटरपासून वेगळी जाड वायर, चालू अर्थिंग आणि तीस मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) एवढं मालकाकडून करून घ्या, तेही राहायला जायच्या आधी. मीटर कोणाच्या नावावर आहे हेही बघा.

ते बघितलं की तिसरी अडचण आपोआप उघडी पडते. वाड्यात जुने भाडेकरू असतात, आणि तुम्हाला खोली देणारा ‘मालक’ हा कधी कधी स्वतःच असा भाडेकरू असतो. मूळ मालकाच्या संमतीशिवाय त्याने ठेवलेल्या पोटभाडेकरूला कायद्याचा आधार जवळजवळ नाही, आणि अनामत रक्कमही अडकते. मिळकतकराची पावती मागा, नाव जुळवा. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात तसं बंधन आहे, अकरा महिन्यांचा असला तरीही. वाड्याच्या पुनर्विकासाचा करार झाला आहे का, हे तोंडी विचारून थांबू नका, करारात लिहून घ्या. शनिवारवाड्यासारख्या संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित आहेत, त्यामुळे त्या पट्ट्यातले वाडे टिकून आहेत. त्याबाहेरच्या वाड्यावर बिल्डरची नजर असतेच. नव्या इमारतीत ही सगळी दगदग वाचते, हे मान्य करायला हवं. कागद स्वच्छ असतात, वायरिंग नवं असतं, छत गळत नाही.

तरीही संडास खोलीतच काढलेला, मोरीखालचं लाकूड कोरडं आणि खोली चौकापलीकडची, असं तिन्ही जुळलं तर मी वाडाच सुचवेन. यातलं एक जरी नसेल, किंवा आई-वडील अधूनमधून राहायला येणार असतील आणि त्यांना तो उभा जिना झेपणार नसेल, तर इमारत घ्या. फक्त मागच्या बाजूचा फ्लॅट घ्या, तळमजल्यावर काय चालतं ते बघून. आणि दोन्हीपैकी काहीही बघायला जाल तेव्हा संध्याकाळी सातला किंवा सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, एजंट नेमकी तीच वेळ देतात. कामाच्या दिवशी सकाळी अकराला जा, खिडकी लावून घ्या, मित्राला फोन लावा आणि पाच मिनिटं बोलत राहा. त्याला काय ऐकू येतंय ते त्यालाच विचारा.